पालखीतळावरच्या गॅसबत्तीतलं थोरियम आणि होमी भाभांचं अर्धं राहिलेलं गणित

ज्ञानोबांची पालखी माळशिरसला मुक्कामी आली की पूर्वी तळावर गॅसबत्त्या पेटायच्या. आमच्या पिढीनं त्या आजोबांकडूनच ऐकल्या. त्या बत्तीच्या पांढऱ्या जाळीत, म्हणजे मेंटलमध्ये, थोरियम ऑक्साइड असायचं. ते सुमारे ३,३०० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून जाळी तापून लख्ख उजेड द्यायची.

हेच थोरियम किरणोत्सारी आहे. पण इतकं संथ, की त्यातलं निम्मं संपायला १,४०५ कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वयसुद्धा तेवढं नाही!

याच धातूच्या भरवशावर देशाच्या विजेचं गणित मांडलं डॉ. होमी भाभांनी. मुंबईत १९०९ साली जन्म. घरच्यांना मुलगा इंजिनीअर हवा होता, केंब्रिजला जाऊन तो वळला भौतिकशास्त्राकडे. १९३९ मध्ये सुट्टीवर घरी आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टीआयएफआर उभी केली, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

अडचण अशी होती की देशात युरेनियम थोडं, थोरियम मात्र भरपूर. केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू त्यानं भरलेली. पहिल्या महायुद्धाआधी ती मेंटलसाठी जर्मनीला जायची. पण थोरियम म्हणजे ओलं लाकूड, आपणहून पेट घेत नाही. त्यानं न्यूट्रॉन गिळला की आधी त्याचं प्रोटॅक्टिनियम होतं आणि काही आठवड्यांत युरेनियम-२३३. हे मात्र पेटतं.

म्हणून भाभांनी तीन टप्पे आखले. आधी युरेनियमच्या अणुभट्ट्या, त्यातून मिळालेल्या प्लुटोनियमवर दुसऱ्या, शेवटी थोरियम. १९५५ मध्ये तुर्भ्याला थोरियमचा कारखाना, १९५६ मध्ये 'अप्सरा' अणुभट्टी, १९६४ मध्ये प्लुटोनियम वेगळं करणारा प्रकल्प. माणूस थांबतच नव्हता.

२४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाला जाताना त्यांचं विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. वय ५६. (सीआयएनं घातपात केल्याचे फॉरवर्ड फिरतात, तसं सिद्ध झालेलं नाही. चौकशीत विमानाच्या जागेचा अंदाज चुकल्याचं कारण पुढे आलं.)

थोरियमपासून मिळालेल्या युरेनियम-२३३ वरची 'कामिनी' ही छोटी संशोधन अणुभट्टी १९९६ मध्ये कल्पाक्कमला सुरू झाली. ती वीज बनवत नाही. तिची उष्णता ३० किलोवॅट, म्हणजे आमच्या विहिरींवरच्या ५ एचपीच्या ८ मोटारींच्या ताकदीएवढी.