पॉल लांझव्हँ : अश्राव्य ध्वनीचे आचार्य

खेळताना घोटा लचकला, खांदा आखडला अथवा टाच दीर्घकाळ दुखू लागली म्हणजे डॉक्टर पुष्कळदा रोग्यास फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवितात. तेथे दुखऱ्या जागी थंडगार, बुळबुळीत जेल लावून त्यावरून धातूची एक लहानशी चकती सावकाश फिरविली जाते. सुई नाही, शस्त्र नाही, कडू औषधही नाही. रोग्यास काही ऐकू येत नाही. फार तर किंचित ऊब जाणवते. तथापि त्या चकतीतून ध्वनीच्याच लहरी निघून शरीरात शिरत असतात. हा अश्राव्य ध्वनी ज्यांच्या परिश्रमाने मनुष्याच्या हाती आला, त्या पॉल लांझव्हँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाचे चरित्र आमच्या वाचकांस थोडक्यात सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

लांझव्हँ ह्यांचा जन्म २३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिस नगरीत एका साध्या कुटुंबात झाला. घरी संपत्ती नव्हती; परंतु विद्येविषयी आस्था होती. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८८ मध्ये, त्यांनी पॅरिस नगरपालिकेच्या भौतिकी व रसायन विद्यालयात प्रवेश मिळविला. तेथील प्रयोगशाळेत त्यांस जे शिक्षक लाभले ते पिएर क्यूरी होत. पुढे मादाम क्यूरींचे पती म्हणून जगास परिचित झालेले हे पुरुष त्या वेळी अल्प वेतनावर, शांतपणे आपले काम करीत होते. अशा गुरूच्या सहवासात कारखान्यात नोकरी धरण्याचा विचार मागे पडून हा विद्यार्थी शुद्ध विज्ञानाच्या उपासनेस लागला. पुढे त्यांनी केंब्रिज येथे जे. जे. टॉमसन ह्यांच्या प्रयोगशाळेत एक वर्ष काढले, १९०२ मध्ये डॉक्टरची पदवी संपादिली आणि १९०५ मध्ये ज्या विद्यालयात ते शिकले, तेथेच आपल्या गुरूच्या जागी अध्यापक झाले. अनुचुंबकत्व व प्रतिचुंबकत्व हे पदार्थांचे गुण अणूंच्या आधारे स्पष्ट करणारा त्यांचा सिद्धांत ह्याच वर्षीचा आहे. १९०९ मध्ये कोलेज द फ्रांस ह्या विख्यात संस्थेत त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली.

आता थोडे मागे गेले पाहिजे. १८८० मध्ये पिएर क्यूरी व त्यांचे बंधू जाक ह्यांस असे आढळले होते की, क्वॉर्ट्झ म्हणजे स्फटिकरूपी गार विशिष्ट दिशेने कापून दाबली असता तिच्या पृष्ठांवर वीज प्रकट होते. उलटपक्षी, तिला वीज दिली तर ती अत्यल्प आकुंचन वा प्रसरण पावते. ह्यास दाबविद्युत असे म्हणतात. हा शोध कित्येक वर्षे प्रयोगशाळेतच राहिला. त्याचा मोठा व्यावहारिक उपयोग दिसण्यापूर्वीच, १९०६ मध्ये, पिएर क्यूरी पॅरिसच्या रस्त्यावर घोड्यांच्या गाडीखाली सापडून मरण पावले. गुरूने पेरलेले बी शिष्याच्या हातून अंकुरित व्हावयाचे होते.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. जर्मन पाणबुड्या समुद्राखालून येऊन जहाजे बुडवू लागल्या. स्वित्झर्लंडमध्ये राहणारे रशियन अभियंते चिलोव्स्की ह्यांनी १९१५ च्या आरंभी फ्रेंच सरकारास सुचविले की, पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून शत्रूचा ठाव घ्यावा. हे काम लांझव्हँ ह्यांजकडे आले. पाण्यात ध्वनी एका सेकंदास सुमारे १,५०० मीटर जातो. म्हणून प्रतिध्वनी दोन सेकंदांनी परतला, तर पुढील वस्तू सुमारे १,५०० मीटर अंतरावर आहे असे समजावे. परंतु सामान्य ध्वनी चोहीकडे पसरतो. त्याची दिवटीच्या झोतासारखी एका दिशेस धार धरावयाची, तर कंपने पुष्कळच जलद हवीत. मनुष्याचा कान सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतच ऐकू शकतो. लांझव्हँ ह्यांस त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ४०,००० कंपने हवी होती. असा ध्वनी श्राव्यातीत होय.

प्रथम सेन नदीच्या पाण्यात व नंतर तूलाँ बंदरात प्रयोग झाले. १९१७ मध्ये त्यांस आपल्या गुरूच्या स्फटिकाची आठवण झाली. तथापि एक अडचण होती. हवी तेवढी कंपने मिळण्यास स्फटिक बराच जाड पाहिजे, आणि तसे मोठे निर्दोष स्फटिक दुर्मीळ. लांझव्हँ ह्यांनी पातळ स्फटिकांचे तुकडे फरशीप्रमाणे जोडून ते पोलादाच्या दोन जाड तबकड्यांमध्ये बसविले. पोलादासह स्फटिक एकजीव होऊन कंप पावू लागला. फेब्रुवारी १९१८ मध्ये पाणबुडीवरून परतलेला प्रतिध्वनी स्पष्ट मिळाला. मात्र ही युक्ती युद्धात प्रत्यक्ष वापरली जाण्यापूर्वीच, त्याच वर्षी नोव्हेंबरात, युद्ध संपले.

ह्याच प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट घडली, आणि आमच्या विषयाचे मर्म तीत आहे. ध्वनीच्या त्या प्रखर धारेत सापडलेले लहान मासे मरून पडत. पाण्यात हात घातला असता त्यास तीव्र वेदना होत. जो ध्वनी कानास कळत नव्हता तो हाडांस कळत होता! तूलाँ येथे हे पाहिलेले अमेरिकन शास्त्रज्ञ वुड ह्यांनी पुढे लूमिस ह्यांच्या साहाय्याने प्रयोग करून १९२७ मध्ये प्रसिद्ध केले की, अतिप्रखर ध्वनी रक्तातील तांबड्या पेशीही फोडतो. मग कित्येकांच्या मनात प्रश्न उभा राहिला : जे बळ पेशींस फोडते, ते बेताने योजिले तर तिजवर उपकार करील काय? १९३९ मध्ये जर्मनीत पोलमन व त्यांचे सहकारी ह्यांनी सायटिकेच्या रोग्यांवर सौम्य ध्वनीचा प्रयोग केला, आणि येथून ध्वनिचिकित्सेचा मार्ग खुला झाला.

आजच्या उपचारात सेकंदास सामान्यतः १० ते ३० लाख कंपने असतात. कंपने कमी तितकी लहर खोल जाते. अधिक असली तर ती वरच्या थरातच शोषली जाते. स्नायू व स्नायुबंध ध्वनी शोषून किंचित उबदार होतात. मध्ये हवा राहिली तर ध्वनी तेथूनच परततो, म्हणून जेल लावितात. एका जागी उष्णता साठू नये म्हणून चकती फिरती ठेवितात. ध्वनीच्याच कुळातील आघातलहरींनी १९८० मध्ये म्यूनिक येथे प्रथमच रोग्याच्या मूत्रपिंडातील खडा पोट न कापता फोडण्यात आला. जुनाट टाचदुखीवरही अशा लहरी योजिल्या जातात. तथापि हा सर्व व्याधींवरचा रामबाण आहे असे मात्र कोणी मानू नये. जुनाट पाठदुखीवर श्राव्यातीत ध्वनीचा ठळक लाभ काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. सत्य जेवढे तेवढेच सांगणे हेच विज्ञानाचे व्रत आहे.

लांझव्हँ ह्यांनी हे व्रत प्रयोगशाळेबाहेरही पाळले. नाझी व फासिस्ट मतांस त्यांनी उघड विरोध केला. फ्रान्स पडल्यावर, ऑक्टोबर १९४० मध्ये, जर्मनांनी ह्या ६८ वर्षांच्या वृद्ध प्राध्यापकास तुरुंगात टाकिले. ८ नोव्हेंबर रोजी पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी निदर्शने केली. तुरुंगातून काढून त्यांस त्र्वा शहरी नजरकैदेत ठेविले. १९४२ मध्ये त्यांचे जामात, भौतिकीचेच पंडित जाक सोलोमों, ह्यांस गोळ्या घालण्यात आल्या. कन्या एलेन हिला आउश्वित्सच्या छळछावणीत नेण्यात आले. ती जिवंत परतली. १९४४ मध्ये मित्रांच्या साह्याने लांझव्हँ स्वित्झर्लंडात निसटले. स्वदेश मुक्त होताच परत येऊन, दुःख उगाळीत न बसता, त्यांनी फ्रान्सच्या शालेय शिक्षणाची पुनर्रचना करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद स्वीकारिले. ते काम चालू असतानाच १९ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९४८ मध्ये त्यांच्या अस्थी पँथेऑन ह्या राष्ट्रीय स्मारकात सन्मानाने ठेविण्यात आल्या.

विद्यार्थी मित्रहो, ध्वनीची लहर दयाळूही नाही आणि क्रूरही नाही. तिने मासे मारले, तिनेच वेदना शमविल्या. ज्या सोनोग्राफीने मातेच्या उदरातील बालकाची प्रकृती कळते, तिनेच मुलगी ओळखून तिचा जीव घेण्याचे पाप आमच्याही प्रांतात घडले. म्हणूनच महाराष्ट्रास १९८८ मध्ये व सर्व देशास १९९४ मध्ये ह्याविरुद्ध कायदा करावा लागला. लहर तीच, हात मात्र निराळे. बळ किती असावे हे यंत्र मोजून सांगेल. ते कोणासाठी वापरावे हे यंत्र सांगणार नाही. तो निर्णय मनुष्याच्या सदसद्विवेकाचा आहे, आणि त्याचे शिक्षण शाळेत व घरी, दोन्ही ठिकाणी मिळावयास हवे. आपल्या विद्येबरोबर विवेकही जागृत ठेवणाऱ्या ह्या आचार्यांचे चरित्र आमच्या मुलामुलींनी ह्याच दृष्टीने वाचावे, एवढीच आमची इच्छा आहे.