शिवालिकच्या हाडांचा डॉक्टर

पवनीजवळून वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत विसावते. याच गोदावरीच्या खोऱ्यात, जुन्या गाळात, एका नामशेष रानबैलाची दगड झालेली हाडे सापडली आहेत. आपल्या वशिंडाच्या गुरांचा तो पूर्वज मानला जातो. नर्मदेवरून त्याला ‘बॉस नमॅडिकस’ हे नाव देणारे ह्यू फाल्कनर पेशाने डॉक्टर होते.

फाल्कनर यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८०८ रोजी स्कॉटलंडमधील फॉरेस येथे झाला. एडिंबरा येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १८३० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे सहायक सर्जन म्हणून कलकत्त्यात आले. दोनच वर्षांत त्यांच्याकडे सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा कारभार आला. जवळच शिवालिकच्या टेकड्या होत्या. अभियंता प्रॉबी कॉटली यांच्यासोबत त्यांनी तेथील जीवाश्म गोळा करायला सुरुवात केली.

सापडलेले हाड कोणाचे, हे ठरवायला हाताशी ना संग्रहालय होते, ना पुरेशी पुस्तके. मग त्यांनी आजच्या प्राण्यांचे सांगाडे जमवले आणि एकेक हाड त्यांच्याशी ताडून पाहिले. त्यातूनच १८३६ मध्ये ‘शिवथेरियम’ जगापुढे आला. हत्तीसारखा अवजड, खुरांचा, शाकाहारी आणि डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असलेला हा प्राणी. त्याला सोंड असावी, असा फाल्कनर यांचा कयास होता. पुढील अभ्यासात तो जिराफाच्या कुळातला ठरला. १८३७ मध्ये दोघांना लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे वोलॅस्टन पदक मिळाले.

मात्र या धावपळीत प्रकृती ढासळली. १८४२ मध्ये सुमारे पाच टन जीवाश्म घेऊन त्यांना मायदेशी परतावे लागले. शिवालिकच्या प्राण्यांवरील त्यांचा ग्रंथ अपुराच राहिला. पुढे ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले. हिवतापावरचे क्विनाइन ज्याच्या सालीपासून मिळते, त्या सिंकोनाची भारतात लागवड करावी, असा आग्रह त्यांनी धरला. पुढे ती लागवड झाली आणि असंख्य रुग्णांना औषध मिळाले.

३१ जानेवारी १८६५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची टिपणे तीन वर्षांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नदीच्या दरडीत दगडासारखे जड हाड दिसले, तर ते कोणत्या थरात होते याची नोंद महत्त्वाची असते. जागेवरून हलवलेले हाड आपला निम्मा इतिहास तिथेच सोडून येते.