क्वेबेकची माउली
संत मारी ग्वियार ह्यांचें पुण्यस्मरण

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेसाठीं एखादें संतचरित्र आम्हीं लिहून द्यावें, अशी मंडळींची इच्छा पडली. महोत्सव म्हटला म्हणजे मंदिर कोणीं बांधलें, घंटा कोणीं दिली, ह्याचा हिशेब निघतो, आणि तो निघावाच. परंतु ज्यांनीं लेंकरांचा हात धरून त्यांना प्रथम क्रूसाची खूण करावयास व अक्षर गिरवावयास शिकविलें, त्या आयांचीं व शिक्षिकांचीं नांवें संगमरवरी पाटीवर बहुधा नसतात. म्हणून ज्या आईहि होत्या व शिक्षिकाहि होत्या, अशा एका साध्वीचें स्मरण आम्ही येथें करितों. त्यांचें नांव मारी ग्वियार. व्रतस्थ जीवनांत त्या 'देहधारणेची मारी' ह्या नांवानें जगास माहीत झाल्या.

मारीचा जन्म २८ ऑक्टोबर १५९९ रोजीं फ्रान्स देशांतील तूर नगरीं झाला. ल्वार नदीच्या परिसरांतील हें नगर त्या काळीं रेशमाच्या विणकामाबद्दल नांवाजलेलें होतें. बाप पाव भाजण्याचा धंदा करी. घर देवभीरु होतें. मारी सुमारें सात वर्षांची असतांना तिला एक स्वप्न पडलें. प्रभु येजू जवळ येऊन आपणांस त्याची होण्याविषयीं विचारीत आहे आणि आपण होकार देत आहों, असें तें स्वप्न होतें. तो होकार तिनें जन्मभर मोडला नाहीं.

वयांत आल्यावर तिला मठाची ओढ लागली. परंतु आईबापांनीं १६१७ सालीं, तिच्या सतराव्या वर्षीं, क्लोद मार्तें नांवाच्या रेशमाच्या कारागिराशीं तिचें लग्न लावून दिलें. २ एप्रिल १६१९ रोजीं पुत्र झाला, त्याचेंहि नांव क्लोद ठेविलें. तें मूल कांहीं महिन्यांचें होतें न होतें तोंच पति निवर्तला. मागें राहिला तो बुडालेला धंदा, कर्ज आणि कोर्टकज्जे. विशी उलटण्याच्या आंतच मारीबाईंच्या कपाळीं वैधव्य आलें. पुन्हा लग्न करण्याविषयीं आप्तांनीं पुष्कळ आग्रह केला, पण त्यांनीं तो मानला नाहीं.

कांहीं दिवस त्यांनीं बापाच्या घरीं भरतकाम केलें. नंतर बहिणीच्या यजमानांकडे त्या राहावयास गेल्या. ह्या यजमानांचा मालवाहतुकीचा मोठा व्यवसाय होता. तेथें प्रथम मारीबाईंनीं मोलकरणीसारखें स्वयंपाकघरांतील काम केलें, आणि पुढें त्यांची हुशारी पाहून सर्व कारभारच त्यांच्या हातीं सोंपविण्यांत आला. धक्क्यावर हमालांचा गलबला, तबेल्यांत घोडे, वहीत जमाखर्च, आणि ह्या सर्वांत मन मात्र देवापाशीं, असें त्यांचें जिणें होतें. प्रार्थनेसाठीं निवांत जागा नाहीं म्हणून कुरकुर करणाऱ्या आम्हां सर्वांना हा कित्ता पुरेसा आहे.

आतां चरित्रांतील सर्वांत कठीण प्रसंगाकडे आम्हांला वळलें पाहिजे. मठांत जावयाचें तर पुत्राला सोडावें लागणार, हें मारीबाई जाणून होत्या. पुढें त्याला वियोग जड जाऊं नये म्हणून त्या त्याला लहानपणापासून कुरवाळीत नसत, त्याचा मुकाहि घेत नसत. मठप्रवेशाचा दिवस जवळ आला तेव्हां घरांतील कुजबुजीवरून मुलाला कांहींतरी उमगलें असावें. तो घरांतून पळून गेला. तीन दिवस शोध चालला होता, शेवटीं तो ब्लुआ येथील बंदरावर सांपडला. आईच्या त्या तीन दिवसांची कल्पना प्रत्येक आईनें करावी. इतकें होऊनहि २५ जानेवारी १६३१ रोजीं, पुत्र बारा वर्षांचाहि नसतांना, त्याला बहिणीच्या हवालीं करून मारीबाई तूर येथील उर्सुलिन मठांत गेल्या. पुढें शाळासोबत्यांचा घोळका घेऊन क्लोद मठाच्या दाराशीं आला आणि आपली आई परत मागूं लागला. त्या सगळ्या गलबल्यांतून आपल्या लेंकराचा आवाज आंत आईला वेगळा ओळखूं आला.

व्रतस्थ जीवनाच्या थोरवीवर आम्हीं पुष्कळ प्रवचनें केलीं आहेत, तरी ह्या ठिकाणीं आलों कीं आमची वाणी अडते. मारीबाईंनीं केलें तें प्रत्येक आईनें करावें, असें पवित्र सभा सांगत नाहीं, आणि आम्हीहि सांगत नाहीं. हें बोलावणें त्यांचें एकटीचें होतें. शिवाय ह्या कृत्याचा सल त्यांच्या स्वतःच्या अंतःकरणांतूनहि कधीं गेला नाहीं. पुढें कित्येक वर्षें त्या पत्रांतून पुत्राजवळ आपलें दुःख उघड करीत राहिल्या व त्याची क्षमा मागत राहिल्या. संतांना जखमा नसतात असें नाहीं. त्या जखमा ते देवापासून व माणसांपासून लपवीत नाहींत, इतकेंच.

मठांत असतांना एका स्वप्नांत त्यांना धुक्यानें वेढलेला एक विस्तीर्ण, डोंगराळ प्रदेश दिसला. तो प्रदेश कानडा होय, असें त्यांना पुढें उमगलें. त्याच सुमारास येजूसंघाचे फादर पॉल लजन तेथील मुलींना शिकविण्यासाठीं कोणी यावें म्हणून फ्रान्सला लिहीत होते. मादाम द ला पेल्ट्री नांवाच्या एका श्रीमंत विधवा बाईंनीं पैशाची जोड दिली व त्या स्वतःहि निघाल्या. ४ मे १६३९ रोजीं दिएप बंदरांतून जहाज सुटलें. वाटेंत बर्फाच्या एका प्रचंड डोंगरावर तें आदळतां आदळतां वांचलें. १ ऑगस्ट १६३९ रोजीं मंडळी क्वेबेकला उतरली. क्वेबेक त्या वेळीं सेंट लॉरेन्स नदीच्या तीरावरील एक लहानशी वसाहत होती.

नदीकांठच्या एका लहानशा घरांत शाळा भरली. वसाहतवाल्यांच्या मुली आल्या, तशाच अरण्यांत राहणाऱ्या मूळ लोकांच्याहि आल्या. पहिल्याच हिवाळ्यांत देवीची साथ आली आणि शाळेचें रुग्णालय झालें. जमिनीवर अंथरुणाला अंथरूण लागलें. भगिनींनीं आपलीं वस्त्रें फाडून पट्ट्या केल्या. कांहीं मुली त्यांच्या मांडीवरच देवाघरीं गेल्या. १६४२ सालीं भगिनी नव्या मठांत राहावयास गेल्या. दाराशीं येणाऱ्या मूळ रहिवाशाला उपाशी परत पाठवावयाचें नाहीं, अशी तेथील रीत होती. त्यांच्यासाठीं मक्याच्या पेजेची हंडी चुलीवर तयार असे.

चाळिशीच्या उंबरठ्यावर मारीमाता पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. मुलींना शिकवावयाचें तर त्यांच्याच भाषेंत, हा त्यांचा निश्चय होता. अल्गोंकिन, मोंतान्ये, ह्युरन व इरोक्वा ह्या चार लोकांच्या भाषा त्यांनीं आत्मसात् केल्या. त्यांचें व्याकरण फ्रेंचाहून अगदीं निराळें. पहिल्यानें ते शब्द डोक्यांत दगडांसारखे घरंगळत असल्याचें त्यांना वाटे. त्याच भाषांत पुढें त्यांनीं शब्दकोश, धर्मशिक्षणाचीं पुस्तकें व पवित्र इतिहास लिहिला, आणि वृद्धपणीं तरुण भगिनींना त्या भाषा शिकविल्या. त्या हस्तलिखितांपैकीं बहुतेक कालौघांत नाहींशीं झालीं.

३० डिसेंबर १६५० च्या रात्रीं मठाला आग लागली. थंडीनें कणीक गोठूं नये म्हणून एका भगिनीनें परातीखालीं निखारे ठेविले होते, ते विझवावयाचे राहून गेले. भगिनी व मुली अनवाणी बर्फांत बाहेर पडल्या. कोणी दगावलें नाहीं, पण घर, वस्त्रें, धान्य, सर्व राख झालें. पुत्राच्या आग्रहावरून लिहूं घातलेली आत्मकथाहि जळाली. मारीमातेनें त्या भगिनीला बोल लाविला नाहीं. कर्ज काढून, स्वतः बांधकामावर उभें राहून, दीड वर्षांच्या आंत त्यांनीं मठ पुन्हा उभा केला. आत्मकथाहि १६५४ सालीं पुन्हा लिहून त्यांनीं पुत्राकडे पाठविली.

ह्या श्रमांचें फळ काय मिळालें? येथें मारीमातेचा प्रामाणिकपणा पाहण्यासारखा आहे. जवळजवळ तीस वर्षांच्या अनुभवानंतर, १६६८ सालीं, त्यांनीं स्वच्छ कबूल केलें कीं आपल्या हाताखालून गेलेल्या शंभर मुलींपैकीं फ्रेंच रीतीची झालेली एखादीहि मोठ्या मुष्किलीनें सांपडेल. अरण्याची आठवण आली कीं मुली खंतावत, कुंपण चढून आपल्या माणसांकडे निघून जात. मारीमाता त्यांना बळानें अडवीत नसत. त्याच देशांत पुढील शतकांत मूळ लोकांचीं मुलें आईबापांपासून तोडून शाळांत कोंडण्यांत आलीं, आणि त्या पापाबद्दल पोप फ्रान्सिस ह्यांना २०२२ सालीं तेथें जाऊन क्षमा मागावी लागली. हें आज आम्हांस ठाऊक असल्यामुळें मारीमातेची ती कबुली आम्हांला अधिकच मोलाची वाटते. मूल आपल्या सांच्यांत बसलें नाहीं म्हणून त्यांची त्याजवरील माया आटली नाहीं.

आणि पुत्राचें काय झालें? क्लोद १६४१ सालीं बेनेदिक्तीन संघांत गेला व १६४९ सालीं धर्मगुरु झाला. १६३९ नंतर मायलेंकरांची भेट ह्या लोकीं झाली नाहीं. फ्रान्सहून जहाजें उन्हाळ्यांत येत व हिवाळ्यापूर्वीं परतत. तेवढ्या अवधींत मारीमाता रात्रीं जागून पत्रें लिहीत. त्यांच्या उपलब्ध पत्रांची संख्या आज पावणेतीनशेंच्या सुमारास आहे. त्यांत इमारतीचा खर्च आहे, १६६३ सालच्या भूकंपाचें वर्णन आहे, आणि पुत्रासाठीं प्रार्थनेचे धडेहि आहेत. ज्या आईनें मुलाला लहानपणीं जवळ घेतलें नाहीं, तिनें समुद्रापलीकडून त्याला आपलें सर्व अंतःकरण उघडून दाखविलें. तोच पुत्र पुढें तिचा पहिला चरित्रकार झाला. तिचें चरित्र त्यानें १६७७ सालीं प्रसिद्ध केलें. दाराशीं उभें राहून जी आई त्यानें मागितली होती, ती त्याला अशा रीतीनें मिळाली, आणि त्याच्या हातून ती आम्हां सर्वांना मिळाली.

नोव्हेंबर १६७१ मध्यें मादाम द ला पेल्ट्री निवर्तल्या. पाठोपाठ ३० एप्रिल १६७२ रोजीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, मारीमातेनें क्वेबेक येथें देह ठेविला. शेवटच्या दुखण्यांत पुत्राचें नांव निघतांच त्यांचें हृदय भरून आलें, आणि त्याला आपण हृदयांत घेऊनच स्वर्गीं जात आहों, असा निरोप त्यांनीं दिला. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं १९८० सालीं त्यांना धन्यवादित व पोप फ्रान्सिस ह्यांनीं ३ एप्रिल २०१४ रोजीं संत म्हणून जाहीर केलें. त्यांनीं लाविलेलें शाळेचें रोपटें क्वेबेकमध्यें आजहि जिवंत आहे.

प्रिय धर्मग्रामवासीहो, आपल्यांत अशा कित्येक आया आहेत कीं ज्यांचीं लेंकरें पोटासाठीं दूरदेशीं आहेत, आणि अशाहि आहेत कीं ज्यांना स्वतःच लेंकरें मागें ठेवून कामावर जावें लागतें. आपण मुलाला पुरेसें दिलें नाहीं, हा सल त्यांच्या उरीं असतो. शाळेंतील शिक्षिकांनाहि आपले श्रम वायां गेले, असें कधीं कधीं वाटतें. त्या सर्वांना आम्ही ह्या माउलीच्या पायांपाशीं बसावयास सांगतों. जें देतां आलें नाहीं तें कबूल करावें, जें देतां येतें तें अखेरपर्यंत देत राहावें, आणि फळाचा हिशेब देवावर सोंपवावा, हा तिच्या दीर्घ आयुष्याचा धडा आहे. ह्या महोत्सवीं वर्षीं तो आम्हां सर्वांना गिरवितां यावा, म्हणून संत मारीमातेनें आमच्यासाठीं प्रभूपाशीं रदबदली करावी, हीच आमची विनंति.