बापू कुटी मुळात बापूंची नव्हतीच, ती मीराबेन यांची होती

घर बांधायला काढलं की पहिली चर्चा कशावर होते? कॉलम किती, स्लॅब किती इंची, सळईचा रेट काय चाललाय. सोलापूरकरांना हे सांगायला नको. प्लॉटवर खडी येऊन पडली की अख्खी गल्ली इंजिनिअर होते. पण मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेल्यावर त्या स्लॅबखाली झोपायचं कसं, हा प्रश्न घर बांधून झाल्यावर पडतो. मग संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, कूलरमध्ये वाळा भरा, तरी रात्री बारापर्यंत भिंती गरमच.

वर्ध्यालाही ऊन काही कमी नाही. उलट सोलापूरपेक्षा दोन अंश जास्तच. तिथून साधारण ८ किलोमीटरवर सेवाग्राम आश्रम आहे आणि आश्रमात बापू कुटी. माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंचं छोटंसं घर. शाळेची सहल जाते, लोक चपला काढून आत डोकावतात, फोटो काढतात आणि पुढं जातात.

हे घर गांधीजींनी बांधलं नव्हतं. ते त्यांच्यासाठीही बांधलं नव्हतं. ते बांधलं होतं इंग्लंडच्या नौदल अधिकाऱ्याच्या मुलीनं, आणि ती स्वतः तिथं राहणार होती.

तर त्या मुलीची ही गोष्ट.

मॅडेलिन स्लेड. जन्म २२ नोव्हेंबर १८९२, इंग्लंड. वडील एडमंड स्लेड ब्रिटिश नौदलात मोठ्या हुद्द्यावर. पुढं त्यांची नेमणूक ईस्ट इंडीज स्टेशनचे प्रमुख म्हणून झाली आणि घरच्यांसोबत पंधरा-सोळा वर्षांची मॅडेलिन मुंबईत आली. दोनेक वर्षं राहिली. पण अधिकाऱ्यांचे बंगले, मेजवान्या, घोडे, या पलीकडचा भारत तिला दिसलाच नाही. तिचं मन लागायचं ते खेड्यात, जनावरांत आणि बीथोवेनच्या संगीतात.

या बीथोवेनच्या वेडापायीच ती फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोहोचली, कारण त्यांनी बीथोवेनवर लिहिलं होतं. रोलाँ यांनी १९२४ च्या सुमारास गांधींवरही पुस्तक लिहिलं. मॅडेलिननं ते वाचलं आणि ठरवलं की जायचं तर इथंच. लगेच जहाज पकडलं असं मात्र नाही. जवळजवळ वर्षभर तिनं तयारी केली. सूत कातायला शिकली, मांसाहार सोडला, जमिनीवर मांडी घालून बसायची सवय केली. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती मुंबईत उतरली आणि ७ तारखेला साबरमतीला पोहोचली. गांधीजींनी नाव दिलं मीरा. तेव्हापासून त्या मीराबेन.

पुढच्या दहा वर्षांचं भराभर सांगायचं तर आश्रमातली कामं, खादीचा प्रचार, तुरुंगवास, आणि १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजींसोबत लंडन. हे सगळं पुस्तकांत आलेलं आहे. घराची गोष्ट सुरू होते ती यानंतर, वर्ध्यात.

१९३० च्या दांडीयात्रेनंतर गांधीजी साबरमतीला राहायला परतले नाहीत. जमनालाल बजाज यांनी त्यांना वर्ध्याला आणलं. आधी मुक्काम मगनवाडीत. मीराबेन जवळच्या सिंदी गावात सफाईचं काम करू लागल्या आणि तिथून पुढं शेगावला राहायला गेल्या. हे शेगाव म्हणजे गजानन महाराजांचं नव्हे. वर्ध्याजवळचं छोटंसं खेडं, दलित वस्ती मोठी, रस्ता धड नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि मलेरिया. नावाच्या या घोळामुळं गांधीजींची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.

गांधीजींनीही त्याच गावात राहायचं ठरवलं. ३० एप्रिल १९३६ ला ते वर्ध्याहून तिथं आले. आता त्यांच्यासाठी घर हवं होतं. जबाबदारी मीराबेन यांच्यावर, सोबतीला आश्रमातले बलवंतसिंह.

अटी मात्र कडक. खर्च अगदी कमीत कमी. सामान आसपासच्या परिसरातलंच. कामगार गावातलेच. म्हणजे कलकत्त्याहून लोखंड नाही, मुंबईहून सिमेंट नाही.

आता इथं कोणी शिकला-सवरलेला माणूस असता तर त्यानं आधी नकाशा काढला असता. मीराबेन यांनी आधी गावातली घरं बघितली. खांब कुठल्या लाकडाचे, भिंत कशी उभी राहते, पाणी कुठून मुरतं, वाळवी कुठं लागते. बांधणारे हात गावातल्याच सुतारांचे आणि मजुरांचे. म्हणजे ही घरं कोण्या विलायती बाईनं शोधून काढलेली नाहीत. ती वर्ध्याच्या शेतकऱ्याचीच घरं आहेत, फक्त उजेड, हवा आणि सफाई यांचा नीट विचार करून बांधलेली. मला विचाराल तर मीराबेन यांचं मोठेपण यातच आहे.

कुडाच्या भिंतीची ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आधी जमिनीपेक्षा उंच जोतं. त्यावर लाकडी खांब. खांबांच्या मध्ये बांबूच्या कामट्यांचं विणकाम. मग माती भिजत घालायची, त्यात भुसा किंवा गवताचे तुकडे आणि शेण मिसळायचं, पायानं तुडवायचं आणि आतून-बाहेरून लिंपायचं. भुसा कशाला? तर माती वाळताना आकसते आणि तडकते, काड्या तिला धरून ठेवतात. तरीही भेगा पडतात. त्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात भरून काढायच्या. वर बांबूचा सांगाडा आणि कवेलू, म्हणजे आपल्याकडची कौलं. छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर काढायचं, म्हणजे पागोळ्या भिंतीवर न पडता लांब पडतात. मातीच्या भिंतीचा शत्रू पाणी. ते खालून जोत्यानं अडवलं आणि वरून छपरानं, की भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

उन्हाचं उत्तरही यातच आहे. ओसरीमुळं भिंतीवर थेट ऊन पडत नाही. कवेलूंच्या फटींतून वर साचलेली गरम हवा निघून जाते. आपल्या स्लॅबचं उलट होतं. तो दिवसभर उष्णता पितो आणि आपण झोपायला गेलो की खाली सोडत बसतो.

हे पहिलं घर म्हणजे आदी निवास. गांधीजी जूनमध्ये भर पावसात चिखल तुडवत आले आणि तिथं राहू लागले. पण आदी निवास म्हणजे एकच मोठी खोली. त्यात गांधीजी, कस्तुरबा, आश्रमातले इतर, आणि भेटायला येणारी देशभरातली माणसं. तुकडोजी महाराज त्याच वर्षी येऊन राहिले, खान अब्दुल गफार खान आले. एका कोपऱ्यात चरखा, दुसऱ्यात आजारी माणूस, तिसऱ्यात काँग्रेसची चर्चा. काम कसं करणार आणि विश्रांती कशी घेणार?

थोड्या अंतरावर मीराबेन यांनी स्वतःसाठी एक छोटी कुटी बांधली होती. गावातल्या लोकांना पिंजण-कताई शिकवायची, आपण साधेपणानं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा. ही कुटी त्यांनी मनापासून सजवली. भिंतीवर मातीच्याच उठावात ताडाची झाडं, मोर, चरखा आणि ॐ काढला. रंग नाही, फ्रेम नाही, लिंपणाचीच नक्षी.

आणि ही कुटी गांधीजींना द्यावी लागली. शांत जागा हवी म्हणून ते तिथं राहायला आले, गरजेप्रमाणं घर वाढवलं गेलं, न्हाणीघर आलं, आजाऱ्यासाठी जागा आली, आणि तिचं नाव पडलं बापू कुटी.

मीराबेन यांना याचं काय वाटलं असेल? गांधीजींच्या जवळ राहणं ही त्यांची सगळ्यात मोठी ओढ होती आणि गांधीजी त्यांना सतत लांब ठेवून स्वतःच्या पायावर उभं राहायला सांगत. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालली. त्यामुळं आपलं घर त्यांच्या उपयोगी पडलं याचा आनंद आणि आपण पुन्हा बाहेर पडलो याची टोचणी, दोन्ही असणार असं मला वाटतं. त्या घराला त्यांचं नाव मात्र लागलं नाही.

१९७८ मध्ये इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले आणि या कुटीवर बोलले. त्यांचा मुद्दा साधारण असा होता की इथं चपला काढण्यापासून पाहुणा, आजारी माणूस, ओसरी, न्हाणी अशा प्रत्येक गोष्टीला जागा आहे, आणि ज्याला आपण सोय म्हणतो ते सामान इथं नसूनही काही अडत नाही. गरिबांसाठी घरं बांधू पाहणाऱ्या लॉरी बेकर यांनाही दिशा मिळाली ती गांधीजींशी मुंबईत झालेल्या भेटीतूनच. पुढं त्यांनी केरळमध्ये विटांचं मोठं काम उभं केलं.

आता तुम्ही म्हणाल, वर्ध्याचं ठीक आहे, सोलापूरला हे चालेल का?

जसंच्या तसं नाही. आपल्याकडं जुनं घर म्हणजे दगडाच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर किलचा, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात या घरासारखं सुख नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत याच जड माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसं गेली. तेव्हापासून मातीचं घर म्हटलं की आपल्या भागात अंगावर काटा येतो, आणि ती भीती खोटी नाही. फक्त फरक लक्षात घ्यायला हवा. तिथं जीव घेतला तो वजनानं आणि नीट न बांधलेल्या दगडांनी. कुडाची भिंत हलकी असते, बांबू लवचिक असतो, त्यामुळं ती हादऱ्यात वेगळी वागते. तरी आज नवं घर बांधताना भूकंपाचा पट्टा, पाया आणि बांधणी हे इंजिनिअरला विचारूनच करा. शेतातली काळी माती तर भिंतीलाही नको आणि पायालाही त्रासाची, कारण ती पाण्यानं फुगते आणि उन्हात फाटते. म्हणून तर जुन्या लोकांनी शेतीची ती काळी आणि गावाची ती पांढरी अशी वाटणी केली होती.

मात्र स्लॅबच्या घरातही मीराबेन यांच्या युक्त्या उपयोगी पडतात. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतरचं ऊन पडू देऊ नका. पत्र्याची पडवी, वेल, झाड, काहीही चालेल, पण सावली भिंतीच्या बाहेरून हवी. आतून पडदा लावून भिंत तापायची थांबत नाही. उन्हाळ्याआधी गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात द्या. एका खिडकीसमोर दुसरी खिडकी हवी, आणि गरम हवा बाहेर जायला छताजवळ झरोका. नवी खिडकी पाडायची असेल तर कॉलम-बीमला हात न लावता. आणि छज्जे खिडकीपुरते न ठेवता थोडे रुंद काढा. यातलं एकही काम महाग नाही. गवंडी सुचवत नाही इतकंच, आणि आपणही विचारत नाही.

मीराबेन यांचं पुढं काय झालं? ९ ऑगस्ट १९४२ ला त्या गांधीजींसोबत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैद झाल्या. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघंही तिथंच गेले. १९४४ ला सुटल्यावर त्यांनी रुडकीजवळ किसान आश्रम काढला, मग ऋषिकेशजवळ पशुलोक, मग भिलंगणाच्या खोऱ्यात गोपाल आश्रम. प्रत्येक ठिकाणी पुन्हा जागा शोधायची, पुन्हा निवारा उभा करायचा, काम सुरू करायचं आणि निघायचं. हिमालयात बांज, म्हणजे ओकची जंगलं जाऊन चीड वाढतंय आणि त्यामुळं पूर येतायत, हे त्या १९५० च्या दशकात सांगत होत्या. चिपको आंदोलनाच्या वीसेक वर्षं आधी. ऐकलं फारसं कोणी नाही.

गांधीजींनी सेवाग्राम शेवटचं सोडलं ते ऑगस्ट १९४६ मध्ये. ते परत आले नाहीत आणि कुटी तशीच जपली गेली. मीराबेन यांनी १९५९ मध्ये भारत सोडला आणि व्हिएन्नाजवळच्या एका खेड्यात राहायला गेल्या, पुन्हा बीथोवेनकडं. भारत सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं. २० जुलै १९८२ ला त्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी ॲटनबरो यांचा ‘गांधी’ सिनेमा आला आणि जगानं पडद्यावर मीराबेन पाहिली, भूमिका होती जेराल्डिन जेम्स यांची.