नारायण मल्हार जोशी

नारायण मल्हार जोशी (जन्म : ५ जून १८७९, मृत्यू : ३० मे १९५५) हे भारतातील कामगार चळवळीचे एक आद्य नेते, समाजसेवक आणि केंद्रीय विधिमंडळातील कामगारांचे प्रतिनिधी होते. ना. म. जोशी या नावाने ते ओळखले जातात. कामगारांच्या आरोग्याविषयीचे व कामाच्या तासांविषयीचे आंतरराष्ट्रीय निकष भारतीय कायद्यात उतरविण्याच्या कामी त्यांचा मोठा वाटा होता. मुंबईतील लोअर परळ भागातील डिलाईल रोडला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

सुरुवातीचे जीवन

जोशी यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यात शिक्षण घेऊन १९०१ मध्ये ते पदवीधर झाले. काही वर्षे शिक्षकी केल्यानंतर १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये व दवाखाने चालवून लीगने गिरणगावातील कामगार वस्तीत काम उभे केले. परळचे दामोदर नाट्यगृह याच संस्थेचे होय.

वॉशिंग्टन परिषद व भारतासाठीचा वेगळा निकष

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरली. तिला जोशी भारतातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. कारखान्यातील काम आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक असू नये, असा करार या परिषदेत संमत झाला. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र ही मर्यादा ६० तास ठरविण्यात आली. भारताने १९२१ मध्ये या कराराला मान्यता दिली आणि १९२२ च्या दुरुस्तीने ६० तासांची मर्यादा कारखाना कायद्यात आली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ती ५४ तासांवर व १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तासांवर आणली. वॉशिंग्टनला ठरलेला मूळ निकष भारतीय कामगाराला लागू होण्यास अशा रीतीने सत्तावीस वर्षे लागली.

विधिमंडळातील कार्य

१९२१ पासून दोन दशकांहून अधिक काळ जोशी केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे नियुक्त सदस्य होते. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला व १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. अपघाताबरोबरच ठरावीक व्यवसायजन्य रोगांसाठीही भरपाई देण्याची तरतूद त्यात होती. अशा रोगांची आंतरराष्ट्रीय यादी १९२५ च्या कराराने निश्चित केली. तीत शिसे व पारा यांची विषबाधा आणि काळपुळी (अँथ्रॅक्स) यांचा समावेश होता. भारताने १९२७ मध्ये हा करार स्वीकारला.

वॉशिंग्टन परिषदेने प्रसूतीच्या आधी व नंतर मिळून बारा आठवड्यांच्या रजेचा निकषही ठरविला होता. भारताने तो त्या वेळी स्वीकारला नाही. जोशी यांनी १९२४ मध्ये प्रसूती साहाय्याचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले, परंतु ते फेटाळले गेले. पुढे रा. सी. आसवले यांच्या पुढाकाराने मुंबई प्रांतात १९२९ मध्ये असा कायदा झाला. त्यातील रजेची मुदत वॉशिंग्टनच्या निकषापेक्षा कमी होती.

आकडेवारीचा प्रश्न

आरोग्यविषयक निकष लागू करण्यातील एक मोठी अडचण विश्वसनीय नोंदींच्या अभावाची होती. १९२१ च्या सुमारास मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतील बालमृत्यूंचे नोंदलेले प्रमाण दर हजार जन्मांमागे ८०० हून अधिक होते. वस्तीची भीषण अवस्था त्यातून दिसत असली, तरी हा आकडा जसाच्या तसा ग्राह्य नव्हता. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात आणि मूल घेऊन मुंबईला परतत. त्यामुळे जन्माची नोंद शहरात होत नसे, मृत्यूची मात्र होई. शहरात झालेल्या जन्मांच्या नोंदीही अपुऱ्या होत्या.

आजारपणाच्या विम्यासंबंधी १९२७ मध्ये झालेले आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारले नाहीत. जोशी सदस्य असलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने (व्हिटली आयोग, १९२९–३१) कामगारांच्या आजारपणाची आकडेवारी उपलब्ध नसल्याकडे लक्ष वेधून ती गोळा करण्याची शिफारस केली. जोशी पुढे भोर समितीचेही (१९४३–४६) सदस्य होते. या समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करताना जन्म, मृत्यू व आजार यांच्या आकडेवारीचा स्वतंत्र विचार केला. प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालानंतर कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला. ही योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर एकसारखा कायदा मात्र १९६९ पर्यंत झाला नव्हता.

कामगार संघटना

३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची (आयटक) स्थापना झाली. जोशी तिच्या संस्थापकांपैकी एक होते व पुढे सरचिटणीस झाले. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियनचे ते अध्यक्ष होते. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात व्हिटली आयोगावर बहिष्कार घालण्यासह अनेक प्रश्नांवर मतभेद झाले. त्यानंतर जोशी व त्यांचे मवाळ सहकारी आयटकमधून बाहेर पडले. आयोगातील सदस्यत्वामुळे त्यांच्यावर टीकाही झाली. ऐक्य झाल्यानंतर १९४० मध्ये ते पुन्हा सरचिटणीस झाले.

स्मृती

मुंबईत ३० मे १९५५ रोजी जोशी यांचे निधन झाले. डिलाईल रोडचे अधिकृत नाव ना. म. जोशी मार्ग असे आहे. एकेकाळी गिरण्यांनी वेढलेल्या या रस्त्यावर १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने एका खोलीच्या बिऱ्हाडांच्या बी.डी.डी. चाळी बांधल्या. त्यांत प्रामुख्याने गिरणी कामगारांची कुटुंबे राहत असत. बोलण्यात डिलाईल रोड हे जुने नाव अजूनही रूढ आहे.