कोटितीर्थाकाठचा चित्रकार

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने काही तरी लिहावे, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेख कसा लिहितात ते मला ठाऊक नाही. पण कोटितीर्थावरून जाताना दर वेळी ज्यांची आठवण होते, त्या आबालाल रहिमान यांच्याविषयी चार ओळी लिहीत आहे. भगिनींनी गोड मानून घ्याव्यात.

आबालाल आपल्या कोल्हापूरचेच. त्यांचा जन्म 1860 च्या सुमाराचा. लहानपणापासून हातात कला होती, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला गेले. त्या काळी कोल्हापूरच्या साध्या घरातील मुलाने मुंबईस जाऊन चित्रकला शिकणे ही लहान गोष्ट नव्हे. तिथे त्यांनी नाव मिळवले आणि 1888 साली व्हाइसरॉयचे पदकही पटकावले. त्यांनी विद्यार्थीदशेत पेन्सिलीने काढलेली चित्रे त्या शाळेने जपून ठेवली आहेत.

एवढे यश मिळाल्यावर दुसरा कोणी मुंबईतच राहिला असता. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराज शिकारीला निघाले की आबालालही बरोबर असत आणि रानातील जनावरे डोळ्यांत साठवून कागदावर उतरवत. पण त्यांचा खरा जीव रमला तो रंकाळ्याच्या पाण्यात, पंचगंगेच्या घाटावर, सकाळ-संध्याकाळच्या उन्हात. ज्या घाटावर आपल्या आज्या-पणज्यांनी धुणी धुतली, तो घाट चित्र काढण्याजोगा आहे हे त्यांनी दाखवून दिले. राहणी अगदी फकिरासारखी. कोटितीर्थाच्या काठी राहावे आणि दिवसभर चित्रे काढावीत. रंग विकत घ्यायला पैसे नसले तर घरीच पाला नि दगड कुटून रंग करीत, असे जुनी माणसे सांगत.

6 मे 1922 रोजी महाराज गेले. आबालालांचा आधारच तुटला. त्या दुःखात त्यांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी हकिकत कोल्हापुरात आजही सांगतात. जाणणारे डोळेच मिटले, आता चित्रे कुणासाठी ठेवायची, असे त्यांना वाटले असेल का? पुढे 28 डिसेंबर 1931 रोजी तेही गेले.

ही हकिकत ऐकली की मला माझी चूक आठवते. माझ्या आईने भरलेल्या चादरी नि उशांचे अभ्रे एका ट्रंकेत होते. बारीक टाके, मोर, राघू, वेली. आई गेल्यावर घरात अडचण होते म्हणून मी ते सगळे बोहारणीला दिले आणि दोन पातेली घेतली. पातेल्यांना केव्हाच पोचे आले. मोर काही परत आले नाहीत. आबालालांनी दुःखाच्या भरात दिले, मी तर पातेल्यांसाठी दिले. माझी चूक मोठी.

तरी आबालालांचे सगळेच बुडाले नाही. बाबूराव पेंटर आणि दत्तोबा दळवी यांच्यासारख्या पुढच्या चित्रकारांनी त्यांना गुरुस्थानी मानले. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्याचा पाया ज्यांनी घातला त्यांत आबालाल अगदी पहिले. त्यांची उरलेली काही चित्रे आपल्या टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. मी मुलांना घेऊन गेले होते. धाकटी एका चित्रापुढे इतका वेळ उभी राहिली, की मला तिला हाताला धरून आणावे लागले. घरी आल्यावर तिने पाटीवर तळे काढले. ती पाटी मी दोन दिवस पुसू दिली नाही.

भगिनींनो, हळदीकुंकवाला आपण एकमेकींना वाण देतो. यंदा एक दुपार टाऊन हॉलसाठी काढू या, मुलांनाही बरोबर नेऊ. आणि घरातल्या कुणी काढलेले, भरलेले, विणलेले काही ट्रंकेत असेल, तर बोहारीण दारात येण्यापूर्वी एकदा ते उलगडून पाहावे, एवढीच विनंती.