निवड माझी की देवाची? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून

आजचं वाचन: फिलिप्पैकरांस पत्र 2:12-13
सोबत वाचा: यहोशवा 24:14-15, योहान 15:16



आजची दोन वचनं छोटी आहेत, पण एकापाठोपाठ वाचली की माणूस अडखळतो. बाराव्या वचनात पौल मंडळीला तारणाच्या वाटेवर झटायला सांगतो, म्हणजे काम आपलं. आणि तेराव्यात लगेच सांगतो की आपल्यातली इच्छाही देवाची आणि तिच्यामागचं बळही देवाचंच. मग माझं काय उरलं? यहोशवा म्हणतो निवडा, आणि प्रभू शिष्यांना सांगतो की निवड तुमची नव्हतीच.

आपल्या यूथ ग्रुपमध्ये हा वाद वर्षातून दोनदा तरी पेटतो. रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पेटला तर विचारूच नका. पण हे भांडण आपलं नाही, फार जुनं आहे. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलाजियस यावरूनच भिडले. 1524 मध्ये इरॅस्मसने माणसाच्या इच्छेच्या बाजूने पुस्तक लिहिलं, पुढच्याच वर्षी ल्यूथरने त्याला सणसणीत उत्तर दिलं. 1618-19 मध्ये डॉर्टच्या सभेने आर्मिनियसच्या अनुयायांचं म्हणणं फेटाळलं, आणि शंभरएक वर्षांनी वेस्लीने तेच म्हणणं पुन्हा उचलून धरलं. आपल्याकडे स्कॉटिश मिशनरी कॅल्विनची परंपरा घेऊन आले, मेथडिस्ट वेस्लीची. त्यामुळे पुण्यात एका रविवारी दोन चर्चमध्ये बसलात तर दोन वेगळे सूर ऐकू येतात, आणि दोन्हीकडचे लोक प्रभूवर तितकंच प्रेम करणारे असतात.

मला हा वाद पुस्तकांतून कमी आणि एका बाईच्या आयुष्यातून जास्त कळला. पंडिता रमाबाई. नाव सगळ्यांना माहीत असतं, शाळेत धडाही असतो, पण तो समाजसुधारक म्हणून. त्यांच्या आतमध्ये हा प्रश्न किती वर्षं धुमसत होता ते धड्यात येत नाही.

जन्म 23 एप्रिल 1858चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यासाठी लोकांचा रोष घेतला आणि रानात आश्रम थाटला. आई लक्ष्मीबाईंनी पुढे रमाबाईंना शिकवलं. थोरल्या बहिणीचं लहानपणी लावलेलं लग्न फसलं होतं, म्हणून या धाकटीचं लग्न वडिलांनी लवकर लावलंच नाही. विचार करा, तिच्या आयुष्यातली पहिली मोकळीक तिने मिळवलेली नव्हती, तिला आयती मिळाली होती.

मग दुष्काळ आला. पैसा होता तो व्रतं, दानं, अनुष्ठानं यात गेला. देव प्रसन्न झाला तर नशीब पालटेल ही आशा. तिरुपतीजवळच्या रानात हे कुटुंब पाला खाऊन जगलं. 1874 मध्ये आधी वडील गेले, मग आई, पुढे बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी फिरले. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तिथेच केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हातात वेदांची प्रत ठेवली. धर्मशास्त्राचे ग्रंथ त्या आता स्वतः वाचू लागल्या आणि त्यांना दिसलं ते असं, की इतर बाबतीत ग्रंथांचं एकमेकांशी पटत नसलं तरी एका बाबतीत पटतं. बाईला स्वतःचा असा मोक्षाचा मार्ग नाही. तिचं सगळं नवऱ्यामार्फत. आणि ती विधवा झाली तर तो तिच्याच पूर्वजन्मीच्या पापाचा हिशेब. सटवाईने कपाळी लिहिलेलं पुसता येत नाही, हे आपल्या आज्याही म्हणायच्या. रमाबाईंसाठी ती नुसती म्हण राहणार नव्हती.

1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, विवाह नोंदणी पद्धतीचा. दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी 1882 मध्ये, पटकीने तेही गेले. पदरात दहा महिन्यांची मनोरमा. सिलचरच्या त्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये रमाबाईंना लूकचं बंगाली शुभवर्तमान सापडलं होतं. हे वाचलं की मी दर वेळी थांबतो. शोधायला गेल्या नव्हत्या, सापडलं.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात म्हणून साक्ष दिली, आणि प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. पंचहौद मिशनमधल्या सिस्टर्सच्या ओळखीने 1883 मध्ये त्या इंग्लंडला, वाँटेजच्या मठात गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं. ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमलं नाही. ख्रिस्ती होणार नाही, हे जाताना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

वाँटेजमध्ये एक भयंकर गोष्ट घडली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी जीव दिला. आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करतील या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला होता, असं मॅक्स म्यूलरने लिहून ठेवलं आहे. आपल्या ख्रिस्ती पुस्तकांत हा प्रसंग बहुतेक वेळा वगळतात. मला तो वगळणं पटत नाही. इच्छा मोकळी आहे की नाही हा तिथे तत्त्वज्ञानाचा तास नव्हता, एका तरुण बाईचा प्राण गेला होता. आणि ते सगळं डोळ्यांनी पाहिल्यावर रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यात नेहेम्या गोरे यांच्या लिखाणाचा वाटा मोठा. तेही चित्पावन, तेही संस्कृत पंडित, स्वतः शंकांशी आयुष्यभर झगडलेले. कोणी ढकललं म्हणून पाण्यात उतरणाऱ्यांतल्या या बाई नव्हत्या.

हे मी कशावरून म्हणतो? पुढच्या तीन वर्षांवरून. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक आई. दोघींचा पत्रव्यवहार छापलेला आहे. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. मिळाला तर जरूर वाचा. पुडिंगमध्ये अंडं आहे म्हणून रमाबाई ते खात नाहीत, तर सिस्टरना त्यात जातीचा गर्व दिसतो. क्रुसावर लॅटिन अक्षरं असतात, तर रमाबाई विचारतात संस्कृत का नको. हे वाचून हसू येतं, पण खाली मोठा प्रश्न आहे. त्रैक्याचा जो सिद्धांत चर्चने मतांगिकारात मांडलाय तो जसाच्या तसा स्वीकारा, असं सांगितल्यावर रमाबाई अडून बसल्या. त्यांचं म्हणणं साधारण असं की देवाने मला विवेक दिलाय, तो वापरायचा म्हणून दिलाय. एका पुरोहितवर्गाच्या ताब्यातून मोठ्या कष्टाने सुटले, दुसऱ्याच्या ताब्यात जाणार नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवलं, तेव्हाही त्यांनी हेच केलं. सिस्टर जेराल्डिनना यात अहंकार दिसला. प्रेम होतं त्यांचं, पण आज्ञाधारक लेकरू हवं होतं.

इथे आपल्या कॉलेजच्या मंडळींना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. फ्री विल झिंदाबाद! थांबा जरा.

अमेरिकेचा भाग पटकन सांगतो. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, बॉस्टनमध्ये मदतीसाठी संस्था उभी राहिली. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि 1890 मध्ये ते पुण्यात आलं.

पुण्यात आल्यावर, बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी, रमाबाईंना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त मिळालेला नाही. विल्यम हॅझलम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन वाचताना हे त्यांच्या लक्षात आलं. धर्म त्यांनी निवडला होता, तपासून, वाद घालून, किंमत मोजून. आणि तरी आत रिकामं होतं. त्या निवडीत त्या अजूनही कमावणाऱ्याच होत्या, वडील जसे अनुष्ठानांनी कमावत होते तशा. 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की शेवटी त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. पापी बाईने हात पुढे करायचा आणि फुकट मिळतंय ते घ्यायचं, एवढंच. ज्या बाईने बिशपपुढे मान झुकवली नाही, तिची ही साक्ष आहे. बिशपला नाही म्हणणं आणि देवापुढे रिकाम्या हाताने उभं राहणं, या दोन गोष्टींत तिला भांडण दिसलं नाही. मलाही दिसत नाही. माणसांनी आपली इच्छा दाबली की आपण लहान होतो. देव आत काम करतो तेव्हा इच्छा मरत नाही, जागी होते. तेराव्या वचनाचं मला समजलेलं एवढंच आहे.

आता अवघड भाग. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार बंद करायच्या नाहीत. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेलं. रमाबाईंचं म्हणणं, दार उघडं आहे, येणं न येणं तिच्यावर. विरोधकांचं म्हणणं, जिचं अन्न, वस्त्र, छप्पर तुमच्या हातात, तिच्यावर काय असणार? दोन्ही बाजूंत एक गोष्ट समान होती. त्या मुलीला नेमकं काय हवंय हे तिला एकटीला बसवून फारसं कोणी विचारत नव्हतं. त्याच वर्षी सदनातल्या गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या, आणि रमाबाईंनी ते लग्न आनंदाने लावून दिलं. मला तरी हा पुरावा भारी वाटतो.

पण विरोधकांचा प्रश्न संपत नाही. 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य भारतातून सुमारे 300 मुली आणल्या. पुण्यात प्लेग आणि त्याचे निर्बंध, म्हणून त्या केडगावला हलल्या. आपल्या दौंड गाडीवर लागतं ते केडगाव. माळरानावर विहिरी खणल्या, झाडं लावली, मुक्ती उभी राहिली. 1900 नंतर तिथे सुमारे 2000 जणी होत्या. बऱ्याच जणींचे बाप्तिस्मे भीमा नदीत झाले. उपाशी पोटी आलेल्या दहा वर्षांच्या पोरीची निवड किती मोकळी? याला झटपट उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, ते आपल्या बाजूचे असले तरी. एवढं मात्र खरं, की रस्त्यावर ती पोर मेली असती, आणि मेलेल्याला निवड नसते. आधी कोणीतरी उचलून घेतलं, निवडायची वेळ नंतर आली. मला हे कृपेसारखंच वाटतं, आणि म्हणूनच उचलणाऱ्याची जबाबदारी जास्त. जिने उचललं तिने त्या मुलींना लिहा-वाचायला, छापखाना चालवायला, शेती करायला शिकवलं. पुढे नाही म्हणण्याची ताकदही तिथूनच येते.

जून 1905 मध्ये मुक्तीत संजीवन आलं. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत. त्यावर पुस्तकं आहेत, मी इथे लांबवत नाही. त्या सुमारास रमाबाईंनी हाती घेतलेलं काम मला जास्त खुणावतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायचं, तेही पंडिताच्या मराठीत नाही, मुक्तीतल्या खेडवळ बायांना कळेल अशा. हे त्या पंडिताच! संस्कृत त्यांच्या जिभेवर नाचायचं, आणि त्यांनी ते मुद्दाम बाजूला ठेवलं. भाषा काही ठिकाणी ओबडधोबड झालीय असं जाणकार म्हणतात. असू दे.

24 जुलै 1921 रोजी मनोरमा मिरजेला गेली, चाळीस वर्षांची. दोन वर्षांची असताना आईसोबत जिचा बाप्तिस्मा झाला, तिला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. मोठी झाल्यावर ती स्वतःहून मुक्तीत राहिली आणि शाळा सांभाळली. आईने मुलीच्या नंतरही मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. 1924 मध्ये ते बाहेर आलं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला, पानं छापायला आणि बांधायला बायकाच होत्या. दुष्काळातून आणलेल्या त्या मुली आता मोठ्या झाल्या होत्या, आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचं पानही अशाच हातांखालून गेलं.

उद्याचं वाचन: फिलिप्पैकरांस पत्र 2:14-18